गुडघ्यांचं निमित्त

माझे गुडघे कधी दुखले नाहीत. तरी दोनेक वर्षं मी सगळ्या गावाला गुडघे दुखतात असंच सांगत आले. गुडघेदुखी हे बायकांचं मानाचं दुखणं आहे. देवळात, बसमध्ये, दुकानात कुठेही सांगितलं तरी समोरची आपलेही गुडघे चोळायला लागते, कुठलं तरी तेल सुचवते आणि सरकून बसायला जागा देते. त्यापुढे कुणी काही विचारत नाही.

माझं खरं दुखणं हृदयाचं होतं. एका तापातून उठले ती पूर्वीसारखी झालेच नाही. म्हापशाला तपासलं तेव्हा कळलं की हृदय फुगून सैल पडलंय, जेवढं रक्त पुढे ढकलायला हवं तेवढं ते ढकलत नाही. हे बरं होणारं नाही, गोळ्यांवर सांभाळायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं. कुठे कळ येत नव्हती की काही ठणकत नव्हतं. दम लागायचा आणि पाय सुजायचे, एवढंच. पण त्या दम लागण्याची मला विलक्षण लाज वाटायची. ताप आला तर माणूस आजारी दिसतो. धापा टाकणारी बाई मात्र नुसती हावरट दिसते, कुणाच्या तरी मागे धावत आल्यासारखी.

मी डिचोली तालुक्यात मराठी प्राथमिक शाळांमधून शिकवलं. माझी चाल सगळ्यांना ठाऊक होती. नार्व्याच्या आमच्या घरून निघाले की वाटेतल्या बायका म्हणायच्या, बाई गेल्या, आता भात वैरायला हरकत नाही. कवायत मी स्वतः घ्यायची, मुलांच्या पुढे पळायची. मंद चालणाऱ्या माणसांचा मला मनातून राग यायचा. त्यामुळे मीच जेव्हा नदीकडच्या उतारावरून परत चढताना मध्येच उभी राहायला लागले, तेव्हा थांबायला काहीतरी कारण शोधू लागले. कुणाच्या तरी कुंपणातली गाय बघायची, पदर सारखा करायचा, मोबाइल कानाला लावून "हॅलो, ऐकू येत नाही" म्हणायचं. श्वास जागेवर आला की पुढे. मग हळूहळू मी त्या उताराकडे जाणंच सोडलं. देवळातही रोजच्या ऐवजी सोमवारी, मग कधीतरी, मग शेजाऱ्यांच्या स्कूटरवर बसून. गुडघ्यांमुळे.

घरात आम्ही दोघीच. नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झाली. मुलगा मुरगावला बंदरात नोकरीला, आठवडाभर तिकडेच खोली घेऊन राहतो, शनिवारी येतो. सून माझ्याजवळ. ती मूळची सावंतवाडीकडची. तिचे वडील पाळी गावच्या खाणीवर ट्रक चालवायला आले आणि कुटुंब तिथेच राहिलं. खाण बंद पडल्यावर ते परत गावी गेले. ही शिवणकाम करते. घरी मालवणीच बोलते. लग्न होऊन आली तेव्हा मी तिचं बोलणं सुधारायला जायची. "पाणी सांडला नव्हे, सांडलं," असं. ती हसून "होय आई" म्हणायची आणि पुढच्या वाक्यात पुन्हा तेच. आमच्यात भांडण कधी झालं नाही, पण माझ्या आवाजातली शाळा तिच्यासमोर कधी सुटलीही नाही.

म्हापशाला दर काही आठवड्यांनी तपासायला जावं लागे. डॉक्टर एक तरुण बाई होत्या. सुनेने पहिल्याच दिवशी "आई शाळेत बाई होते" असं सांगून टाकल्यामुळे त्याही मला बाईच म्हणू लागल्या. त्या विचारायच्या, "बाई, चालताना दम लागतो?"

"नाही."

"जिना चढताना?"

"नाही."

"घरातली कामं करताना?"

"नाही हो. सगळं होतं."

यातलं एकही उत्तर तसं खोटं नव्हतं. चालताना दम लागत नव्हता, कारण मी चालत नव्हते. जिना आमच्या घराला नाही आणि दुसरीकडचा मी चढत नव्हते. आणि काम सून करायची. डॉक्टर माझ्याकडे जरा वेळ बघायच्या, मग सुनेकडे. सून खाली बघायची. मी बाहेर आले की मला एखादी परीक्षा पास झाल्यासारखं वाटायचं, आणि बसमध्ये बसेपर्यंत तो आनंद विरून जायचा.

खरं काय ते सुनेला दिसत होतं, हे मला माहीत होतं. सकाळी पोदेर पावाच्या टोपल्या घेऊन सायकलचा हॉर्न वाजवत यायचा तेव्हा ती उठून बाहेर यायची, आणि मी पलंगावर नसून बाल्कांवातल्या, म्हणजे पुढच्या ओसरीतल्या, लांब हातांच्या आरामखुर्चीत बसल्या बसल्या झोपलेली तिला दिसायचे. आडवं पडलं की छातीवर कुणी पाट ठेवल्यासारखं व्हायचं. "उकडत होतं," मी म्हणायची. ती पाव घेऊन आत जायची. एक दिवस न्हाणीघरात स्टूल ठेवलेलं दिसलं. कुणी ठेवलं ते मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. मी त्यावर बसून अंघोळ करू लागले.

त्यानंतरच्या हिवाळ्यात पेडण्याला माझ्या नणंदेच्या मुलाचं लग्न निघालं. मामा हयात नाही, म्हणजे मामीचा मान माझ्याकडे. जायलाच हवं होतं. नार्व्याहून डिचोली, तिथून म्हापसा, तिथून पेडणे, असा बसचा प्रवास. माझ्या गोळ्यांमध्ये एक लघवीची गोळी असते. अंगात साठलेलं पाणी ती काढते, पण घेतल्यावर सकाळभर माणसाला मोरीपासून लांब जाता येत नाही. बसमध्ये काय करणार? हळदीच्या घरात, पाहुण्यांच्या रांगेत कितीदा उठणार? मी आदल्या दिवशी ती गोळी घेतली नाही, आणि लग्नाच्या दिवशीही घेतली नाही. हळदीच्या घरी लोणचं, पापड, सुक्या बांगड्याची किसमूर, सगळं वाढलं गेलं ते खाल्लं. मीठ कमी खायचं पथ्य आहे हे सांगितलं असतं तर मग पुढचं सगळं सांगावं लागलं असतं.

सकाळी चपला पायांत शिरेनात. सुनेने वाकून पट्टे शेवटच्या भोकापर्यंत सैल केले. "आई, गोळी घेतलात मां?" तिने हळूच विचारलं.

"घेतली," मी म्हटलं.

हॉल नवा होता. खाली जेवण, वर लग्न. मी खालीच एका खुर्चीवर बसून राहिले. येणाऱ्याजाणाऱ्यांना गुडघ्यांचं सांगितलं. अक्षता पडल्या, वाजंत्री थांबली, आहेर सुरू झाले, आणि नणंद शालू सावरत खाली आली.

"वयनी, तू हय बसलंस? मामी वर येऊक नाय तर माका बरा दिसात? पोरां बसलीत वाट बघीत. चल, मी हात धरतंय."

"गुडघे गो."

"माझे पण दुखतत. हळूहळू जाऊया."

तेवढ्यात तिला कुणीतरी हाक मारली आणि ती पुढे गेली. मी उठले. सुनेने पाठीमागून कमरेला हात लावला, तो मी सरकवला. जिना रुंद होता, त्यावर लाल जाजम घातलं होतं. वरच्या टोकाला व्हिडिओवाला उभा राहून येणाऱ्या प्रत्येकाचं चित्रण करत होता. माझ्या मागे आहेराची पाकिटं हातात घेतलेली माणसं होती. सुरुवातीला गेले. मग भिंतीवरच्या फुलांच्या सजावटीकडे बघायच्या निमित्ताने थांबले. मग पुन्हा. वळणावर पोचले तेव्हा मला काहीच ऐकू येईना, फक्त माझ्या श्वासाचा आवाज. आणि मग खोकला सुरू झाला. तो थांबेचना. मी पायरीवर बसले. बसले असं म्हणते, पण पाय गेले हेच खरं.

त्या खोकल्यात माझा लघवीवरचा ताबा सुटला.

हे लिहायला मला फार वेळ लागला. पहिल्या खेपेला मी इथे "मला चक्कर आली" असं लिहिलं होतं. चक्कर आली नव्हती. दोन दिवस कोंडून ठेवलेलं पाणी होतं आणि ते गेलं. रेशमी साडी ओली झाली आणि जाजमावर डाग पसरू लागला. मागे माणसं थांबली होती. कुणीतरी "बाईंना काय झालं?" असं विचारत होतं. ज्या बाईंनी शेकडो पोरांना पहिलीत "मुतायला नाही म्हणायचं, लघवीला म्हणायचं" असं शिकवलं, त्या बाई लग्नाच्या जिन्यावर बसल्या होत्या, आणि वरून कॅमेऱ्याचा दिवा चेहऱ्यावर पडला होता. मला मरावंसं वाटलं नाही. मला फक्त अदृश्य व्हावंसं वाटलं.

सून एक पायरी वर चढून माझ्या आणि कॅमेऱ्याच्या मध्ये उभी राहिली. तिच्या हातात प्रवासातली पाण्याची बाटली होती. तिने झाकण उघडलं आणि मला पाणी पाजायला वाकल्यासारखं करून अख्खी बाटली माझ्या मांडीवर ओतली.

"अरे देवा, माझ्या हातातला पाणी सांडला," ती मोठ्याने म्हणाली. "आईची साडी भिजली सगळी. बाजूक व्हा हां, पायरी निसरडी झाली. जाजम भिजला, कोणाक तरी फडको आणूक सांगा."

लोक बाजूला झाले. कुणी हसलंसुद्धा, आणि हसणं तिच्या धांदरटपणाला होतं. एक म्हातारी तिला बोलली, "बघून देऊक होया मगे पाणी." तिने "चुकला माझा" म्हटलं. मग माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, "उठू नकात. मी आसंय."

तिने मला पदराने गुंडाळून, दोघा पुरुषांच्या आधाराने खाली नेलं. मला हॉस्पिटलात न्यायला हवं हे तिला तिथेच कळलं होतं. पण मी अशी गाडीत बसायला तयार नव्हते. धापा टाकत मी एकच म्हणत होते, "आधी साडी, आधी साडी." शेवटी वधूवरांच्या खोलीत दार लावून तिने माझी साडी सोडली, ओल्या टॉवेलने पाय पुसले आणि स्वतःच्या पिशवीतलं परकर-पातळ नेसवलं. इतकी वर्षं मी तिच्यासमोर केससुद्धा मोकळे सोडले नव्हते. मी डोळे मिटून घेतले. तिने ते बघितलं असावं, कारण ती सगळा वेळ बोलत राहिली, लग्नातल्या जेवणाबद्दल, नवरीच्या मुंडावळ्यांबद्दल, जणू आम्ही दोघी चहा पीत बसलोय.

म्हापशाच्या हॉस्पिटलात सुईने औषध दिलं, नाकाला नळी लावली. साठलेलं पाणी उतरलं तसा श्वास मोकळा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या डॉक्टरबाई खाटेशी आल्या. सून पायथ्याशी उभी होती. डॉक्टरांनी माझ्या नडगीवर अंगठा दाबला, पडलेला खड्डा भरून येईपर्यंत बघत राहिल्या, मग स्टूल ओढून बसल्या. एरवी त्या बसत नसत.

"बाई, चालताना दम लागतो का, असं मी दर वेळी विचारते, तुम्ही नाही म्हणता. आज वेगळं विचारते. गेल्या वर्षी या दिवसांत तुम्ही कायकाय करत होतात, जे आता करत नाही?"

मी सुनेकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही सांगेल. ती खिडकीकडे बघत राहिली. नंतर एकदा मी तिला विचारलं, तेव्हाच का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "तां तुमचा होता आई. मी कशी सांगतलंय?"

मग मी सांगू लागले. आधी सोपं सोपं. नदीवर जात नाही. अंगणात रांगोळी काढत नाही, वाकलं की गुदमरायला होतं. मग तोंडातून येतच गेलं. अंबाडा घालायला हात वर धरले की मध्ये टेकावं लागतं, म्हणून आता नुसती वेणी. चार घास खाल्ले की पोट भरतं. उशा रचून झोपते, तरी पहाटे खुर्चीत जाते. आणि आरती. आरतीची एक ओळसुद्धा एका दमात होत नाही, म्हणून मी टाळ्या वाजवते आणि नुसते ओठ हलवते. हे सांगताना मला रडू आलं. देवासमोरही खोटं, असं काहीतरी मी बोलले.

डॉक्टरबाई सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "या आजाराच्या त्रासाच्या आम्ही चार पायऱ्या धरतो. पहिलीवर माणसाला काहीच जाणवत नाही, चौथीवर बसल्या जागीही दम लागतो. तुमच्या उत्तरांवरून मी तुम्हाला पहिली-दुसरीच्या मध्ये धरत होते आणि औषधंही तेवढीच देत होते. तुम्ही तिसरीवर होतात, कधीपासून कोण जाणे. काल चौथीवर गेलात."

"पण छातीवर फिरवता त्या मशीनवर दिसत नाही का?" मी विचारलं.

"मशीन हृदय किती आकुंचन पावतं ते दाखवतं. तेवढंच हृदय असलेला एक माणूस बाजार करून येतो आणि दुसऱ्याला कपडे घालता येत नाहीत. ते मशीनला कळत नाही. तुम्ही सांगाल तेच मला कळणार."

त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. वर्गात न आलेलं उत्तर लपवणाऱ्या मुलाला मी उभं करायची, आणि इथे माझ्या नातीच्या वयाची नसली तरी मुलीच्या वयाची डॉक्टर माझा हात हातात घेऊन बसली होती. मग डॉक्टरांनी विचारलं की लघवीच्या गोळीचं काय झालं होतं.  मी म्हटलं, "घेतली नव्हती. प्रवास होता." आणि सुनेकडे न बघता म्हटलं, "हिला घेतली म्हणून सांगितलं."

"प्रवासाच्या दिवशी ती उशिरा घेता येते, पोचल्यावर. मला विचारलं असतंत तर सांगितलं असतं," डॉक्टर म्हणाल्या. "किती जण याच कारणासाठी ती टाळतात. कुणी बोलत नाही."

औषधं बदलली. एक नवी गोळी आली, एक वाढली. आठवडाभराने मी घरी आले. एकदम काही झालं नाही, पण पावसाच्या सुरुवातीपर्यंत मी पुन्हा पलंगावर झोपू लागले, दोन उशा घेऊन. नदीकडचा उतार अजून जमत नाही, बहुधा जमणारही नाही. कधी पायांवर सूज आली तर सून मला पाय दाखवा म्हणत नाही. ती स्वतःच्या पायांकडे बघते, मग माझ्या, आणि मी साडी वर घेते.

नणंद मध्यंतरी भेटायला आली. तिचा समज झाला होता की मी मानपानावरून रुसून आशीर्वाद न देता निघून गेले. सून तिला म्हणाली होती की पाणी सांडलं, साडी भिजली, आई घरी गेल्या. हॉस्पिटलाचं मीच सांगू दिलं नव्हतं. नणंद बाल्कांवात बसून उगाच पदराशी चाळा करत होती. मी तिला हृदयाचं सांगितलं. जिन्यावर काय झालं तेही. सांगताना कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. ती म्हणाली, "माका आधी सांगलंस आसतास तर मी पोरांकच खाली हाडलंय आसतंय." एवढं सोपं होतं ते. त्या सोपेपणानेच मला जास्त ओशाळल्यासारखं झालं.

लाज गेली असं मी म्हणणार नाही. डॉक्टर आता दर खेपेला तेच विचारतात, काय करायचं सोडलंत? मी सांगते. खोलीत दुसरं कुणी असलं तर माझा आवाज आपोआप खाली जातो आणि डॉक्टरांना पुढे वाकावं लागतं.

गेल्या महिन्यात सून माहेरी गेली होती, तिच्या आईचं डोळ्याचं ऑपरेशन होतं. मला घेऊन जाते म्हणत होती, मी राहिले. सकाळी धुतलेले कपडे मशीनमधून काढले. ओल्या कपड्यांची बाल्दी अंगणापर्यंत न्यायची होती. उचलली आणि ठेवली. पूर्वीची मी असते तर एकेक कपडा हातात घेऊन खेपा घातल्या असत्या, कुणी बघत नाही ना ते बघत. कुंपणापलीकडे शेजारीण मिरचीच्या रोपांना पाणी घालत होती. माझ्याच हाताखाली शिकलेली, आता तिची मुलं कॉलेजात आहेत. मी दारातून तिला हाक मारली. ती नळी टाकून आली.

"काय बाई?"

"ही बाल्दी उचलवत नाही गो मला. हृदयाला जोर नाही माझ्या."

तोंडावर आलेलं "गुडघे" मी गिळलं होतं. तिने मान हलवली, बाल्दी उचलली, दोरीकडे नेली. मग तिथूनच विचारलं, "घालू पण वाळत?"

मी पायरीवर बसले होते. "घाल," मी म्हटलं.